पिकअप घ्यायचीय? आधी वजनकाट्यावर जा, ॲव्हरेज मग विचारा

राजापूर तालुक्यात, खाडीवरून चढून सड्यावर आलं की आमची बाग लागते. हापूसची कलमं, कडेने काजू, आणि बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत जेमतेम अर्धा किलोमीटरची पाणंद. त्यातली शेवटची साठ-सत्तर मीटर म्हणजे सरळ अंगावर येणारी घाटी. एका बाजूला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, दुसऱ्या बाजूला व्हाळ, म्हणजे ओढा. माझी पहिली गाडी घेताना या सत्तर मीटरचा विचार मी केलाच नाही. ‘वीसचं ॲव्हरेज देते’ एवढं ऐकलं आणि छोटा टेम्पो दारात आणला.

देवगडचा मेव्हणा तेव्हाच म्हणाला होता, “भावोजी, ॲव्हरेज काय बघतास? आदी ती घाटी चढता काय ता बघा.” मी हसण्यावारी नेलं.

मे महिन्याचा पहिला आठवडा, पहिली मोठी काढणी. चौतीस क्रेट भरले. घाटीच्या वळणावर मागची चाकं लाल मुरमात गरगर फिरायला लागली, क्लच जळल्याचा वास आला आणि गाडी हळूहळू मागे, व्हाळाच्या बाजूला सरकायला लागली. गड्याने चाकाखाली जांभ्या दगडाचा चिरा टाकला म्हणून थांबली. मग चौदा क्रेट उतरवले, डोक्यावरून वर नेले, गाडी वर आल्यावर पुन्हा भरले. पूर्ण हंगाम हेच. दोन वर्षांनी तो टेम्पो तोट्यात विकला आणि मोठी पिकअप घेतली. चूक गाडीची नव्हती, सपाट रस्त्यावर ती खरंच चांगली होती. माझ्या कामाची नव्हती, एवढंच.

पहिल्यांदाच पिकअप घेणाऱ्या बागायतदाराला, मासळीवाल्याला, छोट्या ठेकेदाराला हे चौदा क्रेट डोक्यावरून न्यावे लागू नयेत, म्हणून ही क्रमवारी लिहितो आहे.

१. महिनाभर वही ठेवा

शोरूमला जाण्याआधी एक वही करा. रोज काय नेलं, किती वजनाचं, किती लांब, आणि रस्ता कसा, एवढं लिहा. वजन अंदाजाने लिहू नका. आपण सगळे वजन कमीच धरतो.

आंब्याचा भरलेला प्लास्टिक क्रेट आमच्याकडे वीस-बावीस किलोचा भरतो. म्हणजे साठ क्रेट झाले की सव्वा टन पार. युरियाची गोण ४५ किलो, सिमेंटची ५०. वीस गोणी सिमेंट म्हणजे एक टन. फवारणीसाठी हजार लिटरची टाकी भरून ठेवली तर पाण्याचंच एक टन, आणि टाकी अर्धी असली तर वळणावर पाणी हिंदकळतं ते वेगळंच.

खरी फसगत होते ती चिरा आणि वाळूत. जांभ्याचा एक चिरा आकाराप्रमाणे तीसेक किलोचा असतो. शंभर चिरे म्हणजे तीन टन! वाळूचा एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, त्याचं वजन चार टनांच्या वर जातं. ‘अर्धा ब्रासच टाक रे’ म्हणणाऱ्याला आपण दोन टनांहून जास्त सांगतोय याचा पत्ता नसतो. एकदा गाडी भरून वजनकाट्यावर न्या, पावती वहीत चिकटवा. त्या दिवसापासून डोळ्यांचा अंदाज सुधारतो.

महिन्याने वहीत दोन गोष्टी शोधा: बहुतेक दिवशी किती वजन असतं, आणि सगळ्यात वाईट दिवशी किती. गाडी बहुतेक दिवसांसाठी घ्यायची. वाईट दिवस वर्षात चार-पाचच असतील तर त्या दिवशी भाड्याचा ट्रक बोलवा. माझ्यासारखे रोजचेच दिवस वाईट असतील तर गोष्ट वेगळी.

२. पासिंग नीट समजून घ्या

विक्रेता म्हणेल, ‘दोन टन सहज ओढते.’ गाडी ओढेल, प्रश्न कागदाचा आहे. आरसीवर दोन वजनं असतात, एक रिकाम्या गाडीचं आणि एक मालासकट एकूण. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं पासिंग. ड्रायव्हर, सोबतचा गडी, हौद्यावर बसवलेला लोखंडी सांगाडा, ताडपत्रीचे पाइप हे सगळं त्या फरकातूनच जातं.

गॅरेजमध्ये स्प्रिंगचा जादा पाटा टाकून मिळतो. पाटा टाकल्याने गाडी बसत नाही, पण पासिंग एक किलोनेही वाढत नाही. ब्रेक तेवढेच, एक्सल तोच. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० अशी तरतूद आहे.

दुसरा सापळा सीएनजीचा. इंधन स्वस्त पडतं हे खरं, पण सिलिंडरचं वजन पासिंगमधून कापलं जातं आणि चढाला दमही कमी पडतो. हायवेलगत सपाटीवर धंदा असेल आणि पंप जवळ असेल तर जरूर बघा. सड्यावरच्या बागेसाठी मी घेणार नाही.

३. ॲव्हरेज एक नसतं, तीन असतात

कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, ठरलेल्या चक्रावर मोजलेला असतो. तो दोन गाड्यांची तुलना करायला वापरा, घरखर्च त्यावर मांडू नका. तुम्हाला हवेत तीन आकडे: रिकामी गाडी, भरलेली गाडी सपाटीवर, आणि भरलेली गाडी घाटात. माझ्या आत्ताच्या पिकअपचे ते साधारण पंधरा, बारा आणि सात असे आहेत. शेवटच्या सातमध्ये घाट चढून पलीकडे बाजारापर्यंत जाणं धरलंय. नुसत्या चढाचं मोजलं तर चार-पाचच्या वर जात नाही.

असं का, ते एकदा हिशेब करून बघितलं. मालासकट तीन टनांची गाडी सहाशे मीटर उंच चढवायची तर नुसतं ते वजन वर उचलायला दीड लिटरच्या आसपास डिझेल जळतं. अणस्कुरा घाट घ्या, आंबा घाट घ्या, आंबोली घ्या, हा दीड लिटर कुठलीच कंपनी वाचवून देऊ शकत नाही. उतरताना तो परतही मिळत नाही, ब्रेकच्या उष्णतेत जातो.

मोजायची रीत सोपी. एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा. दोन-तीनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर तशीच भरा. डॅशबोर्डवरचा आकडा मनाला बरा वाटतो, पण हिशेबाला घेऊ नका.

आता पैशांकडे या. समजा एक गाडी पंधरा देते, दुसरी बारा, आणि डिझेल ९० रुपये धरलं. वर्षाला ५,००० किलोमीटर फिरणाऱ्याला फरक पडतो ८३ लिटरचा, म्हणजे साडेसात हजार रुपये. १२,००० किलोमीटरला २०० लिटर, अठरा हजार. ३०,००० किलोमीटरला ५०० लिटर, पंचेचाळीस हजार. आमच्यासारखा बागायतदार वर्षाला सहा-सात हजारांच्या वर जात नाही, त्याने ॲव्हरेजवर रात्र रात्र डोकं घालू नये. रोज हर्णै किंवा मिरकरवाड्यातून मासळी उचलून लांब पोचवणाऱ्याला मात्र एकेक किलोमीटर मोजावाच लागेल.

आणि खेपा मोजायला विसरू नका. बाजार ३० किलोमीटरवर आहे आणि १,२०० किलो माल आहे. अठराचं ॲव्हरेज देणारी छोटी गाडी ६०० किलोच्या दोन खेपा करणार: १२० किलोमीटर, पावणेसात लिटर. बारा देणारी मोठी एकाच खेपेत: ६० किलोमीटर, पाच लिटर, आणि ड्रायव्हरचा अर्धा दिवस वाचला तो वेगळा. उलट माल ४०० किलोच असेल तर छोटी सव्वातीन लिटरमध्ये जाऊन येते आणि मोठी उगाच हवा वाहून नेते. म्हणून वही आधी.

४. फोर-व्हील लागतं का?

फोर-व्हील म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना. यावर कोकणात जेवढी चर्चा होते तेवढी गणपतीच्या वर्गणीवरही होत नसेल.

मागच्या चाकांवर चालणारी पिकअप रिकामी असताना मागून हलकी असते. त्यामुळे भरलेली गाडी चढते आणि रिकामी घसरते, हा अनुभव पावसात हमखास येतो. शेवाळ धरलेला कातळ तर साबणासारखा. अशा वेळी मागच्या एक्सलच्या वर दोन-तीन वाळूची पोती टाकली तरी फरक पडतो. टायरची नक्षी झिजलेली नसणं हा दुसरा उपाय. आमच्या घाटीवर मी शेवटी काय केलं? फक्त चाकांच्या रेषेत काँक्रीटचे दोन पट्टे ओतून घेतले, वर झाडूचे आडवे ओरखडे मारले. फोर-व्हीलसाठी जे जादा मोजावे लागले असते त्याच्या बऱ्याच कमी पैशांत काम झालं.

पण घाटी तुमच्या मालकीची नसेल, वाटेत व्हाळ ओलांडावा लागत असेल, भर पावसात मांगरापर्यंत, म्हणजे बागेतल्या खोपटापर्यंत, जायलाच हवं असेल, तर फोर-व्हील घ्या आणि त्यातही लो-रेंज आहे का ते विचारा. खरा उपयोग लो-रेंजचाच. चाकं सावकाश फिरतात आणि जोर मिळतो. किंमत कशी मोजता? गाडी वजनाने वाढते, रोजचं ॲव्हरेज थोडं घटतं, देखभाल वाढते. आणि साध्या फोर-बाय-फोरचा दांडा कोरड्या डांबरावर टाकून फिरायचं नाही. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण थेट गिअरांवर येतो.

फोर-व्हील आहे म्हणून गाडी समुद्राकाठच्या पुळणीवर नेऊ नका. भरतीच्या पाण्यात रुतलेली गाडी काढायला अख्खी वाडी जमते, आणि अर्धी वाडी व्हिडिओ काढते.

५. कोणत्या गटातली गाडी?

बाजारात आपल्या कामाचे ढोबळ तीन गट आहेत.

पहिला छोट्यांचा. २००५ साली टाटा एस आली, लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ केलं, आणि वाड्यावस्त्यांत मालवाहतूक पोचली. पाऊण टनाच्या आतबाहेरचा माल, अरुंद रस्ता, आटोपशीर चढ, अशा ठिकाणी हिला तोड नाही.

दुसरा कामकरी पिकअपचा: महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा आणि इंट्रा, अशोक लेलँडची दोस्त. मॉडेलप्रमाणे साधारण एक ते दोन टनांचं पासिंग. बागायतदार, दूधवाले, ठेकेदार, बहुतेक सगळे इथेच येऊन थांबतात, मीही. यातल्या काहींत दोन ओळींची केबिन मिळते, पण तेवढाच हौदा आखूड होतो.

तिसरा गट आलिशान डबल केबिनचा: इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स. २०२२ मध्ये भारतात आलेल्या हायलक्सचं इंजिन २.८ लिटरचं, २०४ अश्वशक्तीचं. तरीही मालाचं पासिंग अर्ध्या टनाच्या आतबाहेर. म्हणजे दोन टनांच्या साध्या पिकअपच्या साधारण पाव. ही ताकद चिखलासाठी आणि वेगासाठी आहे, चिऱ्यांसाठी नाही. घरची पाच माणसं, थोडं सामान, खराब रस्ता आणि हौस या चारही गोष्टी असतील तर जरूर घ्या. पण सव्वापाच मीटरहून लांब गाडी आहे. दोन्हीकडे गडगे असलेल्या पाखाडीच्या वळणावर ती एका फटक्यात वळेल का, हे दोरी टाकून मोजा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीच्या जेटीवर ओहोटीच्या वेळी रॅम्पचा कोन तिरका होतो, तिथेही लांब गाडीचा मागचा भाग घासतो.

६. ट्रायल घ्यायची तर भरून घ्या

रिकाम्या गाडीची हायवेवरची ट्रायल म्हणजे लग्नाआधीचा चहा-पोह्यांचा कार्यक्रम, सगळेच शहाणे. विक्रेत्याला आधी सांगून ठेवा की वजन टाकून, चढावर ट्रायल हवी. मी वीस गोणी खत टाकून घेतली होती. या गोष्टी बघा:

- चढावर मध्येच थांबवा, हँडब्रेक ओढा, पुन्हा उचला. क्लच फार सोडावा लागतो का?
- दुसऱ्या गिअरला गाडी दम टाकते की रडते?
- उतारावर तोच दुसरा गिअर ठेवून ब्रेकवरचा पाय काढा. इंजिन गाडी धरतं का?

उताराचं थोडं सविस्तर. डिझेल वाचेल म्हणून घाटात न्यूट्रल टाकणारे अजून भेटतात. आजच्या कॉमनरेल इंजिनात गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटर सोडलेला असेल तर डिझेल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि कुंभार्ली घाटाच्या अर्ध्यात ब्रेक तापून पेडल पोकळ लागतं.

आणखी एक प्रश्न विचारा: एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आहे का? असेल तर रोज बाग ते घर अशी चार किलोमीटरचीच चक्कर मारणाऱ्याची पंचाईत होते. काजळी जळून फिल्टर साफ व्हायला गाडी सलग, गरम चालावी लागते. दिवा पेटला की दुर्लक्ष न करता हायवेवर एक फेरी मारून या.

७. जुनी घेत असाल तर

खाली झोपून बघा, कपड्यांची काळजी नको. मासळी वाहिलेल्या गाडीच्या हौद्यातून बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं चेसिसवर गळलेलं असतं. वरून रंग नवाकोरा असतो. स्क्रूड्रायव्हरने चेसिसच्या सांध्यावर, पाट्यांच्या खोबणीत, ब्रेकच्या पाइपांवर टोचून बघा. पापुद्रे निघाले तर उठा आणि घरी या.

पुरातली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ सापडते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा किती गाड्या पाण्यात गेल्या ते सगळ्यांनी पाहिलंय.

कागदांत एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून कर्जाचा बोजा, फिटनेस, विमा आणि थकलेली चलनं बघून घ्या. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिकडची एनओसीही. मी घेतली ती एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरची होती. विकणाऱ्याने ‘एनओसी दोन दिवसांत देतो’ म्हणून सांगितलं आणि मी अडीच महिने घाट चढत-उतरत राहिलो. त्या फेऱ्यांचं डिझेल मी कुठल्याच हिशेबात धरलेलं नव्हतं.

८. पाटी, परवाना आणि कागद

सिंगल केबिनची मालवाहू पिकअप पिवळ्या पाटीवर येते, माल स्वतःचाच असला तरी. व्ही-क्रॉस, हायलक्ससारख्या खासगी पांढऱ्या पाटीवर घेता येतात, पण त्यावर भाडं मारायचं नाही.

गाडीचं मालासकट एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. त्यामुळे सव्वा आणि पावणेदोन टनांच्या मॉडेलमध्ये घोळत असाल तर हा आकडा जरूर तपासा. लायसन्सचं म्हणाल तर एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, पुरतं. ७,५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला वेगळी नोंद लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

नवी गाडी घेताना सोबत ठेवा:

- आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो
- कर्जासाठी बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, असल्यास आयकर विवरणपत्र, बागायतदार असाल तर सातबारा
- नोंदणीचे फॉर्म २०, २१, २२ आणि कर्ज असेल तर ३४ (डीलर भरतो, पण सही करण्याआधी वाचा)
- विमा, फास्टॅग. पीयूसी नंतर वेळेवर

हौद्यात माणसं बसवायची नाहीत. जत्रा असो, वऱ्हाड असो, गणपती आणायला निघालेली पोरं असोत. काही झालं तर विमा कंपनी हात वर करते आणि सगळं मालकाच्या गळ्यात येतं. आमच्या वाडीत हे सांगून मी वाईटपणा घेतलाय, अजूनही घेतो.

९. गाडी आल्यावर

टायरची हवा भरलेल्या गाडीला वेगळी, रिकाम्या गाडीला वेगळी. दारावरच्या पट्टीवर दोन्ही आकडे असतात. हवा कमी असली की ॲव्हरेज पडतं, रिकाम्या गाडीत जास्त असली की ती उडते आणि घसरते. मासळी किंवा बर्फ नेला तर त्याच संध्याकाळी हौदा आणि खालची चेसिस गोड्या पाण्याने धुवा, हौद्याची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा. पावसाळ्याआधी खालून अँटीरस्ट मारून घ्या.

आणि गाडीत एक जाड लाकडी ओंडका कायम ठेवा, चाकाखाली टाकायला. माझ्या गाडीत तो आहेच. पण सीटमागे त्या दिवशीचा चिराही अजून पडून आहे. वजनाने तीसेक किलो, पासिंगमधून जातो, तरी काढवत नाही.